निवांतरावांच्या घारी

रविवार, ९ मार्च. ऊन स्वच्छ, वारा मंद. स्वयंपाकघरातला नळ गळतोच आहे. भाऊजींना सांगून दहा दिवस झाले. आज क्लबवर विंचचा निकाल.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ग्लायडिंग क्लबचा विंच ते सव्वीस वर्षं चालवतात. ग्लायडरला इंजिन नसतं. त्याला एक तर छोटं विमान दोरीने ओढत वर नेतं, नाहीतर मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा विंच किलोमीटरभर लांब तार सरसर गुंडाळतो आणि ग्लायडर पतंगासारखं चढतं. विमान दुप्पट उंची देतं, म्हणून काहींना विंच काढूनच टाकायचा होता. सेक्रेटरींनी शर्यत ठरवली. एकसारखी दोन ग्लायडरं, एक विमानामागे, एक विंचवर; केव्हा सुटायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, हवेत जास्त वेळ राहील ते जिंकेल. विंच हरला तर विकायचा.

विमान चालवणारे कॅप्टन. त्यांनी अकराला पहिलं ग्लायडर वर सोडलं. दुसऱ्यात माझी मुलगी बसली होती. मी थर्मास घेऊन विंचपाशी होते.

भाऊजी लिव्हरवर हात ठेवून नुसते बसलेले. क्लबात त्यांना निवांतराव म्हणतात ते उगाच नाही.

वायरलेसवर मुलगी करवादली, "काका, मी आत भाजतेय!"

"भाज जरा. घारी उठू देत."

"निवांतराव, डोळा लागला का?" हे कॅप्टन. ते केव्हाच उतरले होते.

चोविसाव्या मिनिटाला पहिलं ग्लायडरही उतरलं. तिकडे टाळ्या.

"भाऊजी, आता तरी!"

"वहिनी, चहा ओता."

मी अर्धा कप ओतला असेल, तोच आमच्या मागच्या गोदामाच्या तापलेल्या पत्र्यावरून एक घार वर आली. मग दुसरी. पंख न हलवता, गोल गोल, तापून वर चढणाऱ्या हवेवर. भाऊजींनी लिव्हर ओढला. विंच गरजला, चहा माझ्या साडीवर. मुलगी बरोबर आमच्या डोक्यावर येऊन तारेतून सुटली आणि थेट घारींच्या रिंगणात शिरली.

एक तास बावन्न मिनिटं! उतरली तीही तहान लागली म्हणून.

कॅप्टन मैदान तुडवत आले. "घारी पाळल्यात की काय तुम्ही?"

"पाळतोय कसला? सव्वीस वर्षांचे शेजारी आहेत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी? सगळे म्हणायचे, लवकर ओढा."

सेक्रेटरींनी तिथंच सांगून टाकलं, विंच राहणार. कॅप्टननी उरलेला चहा मागून घेतला आणि पुढच्या रविवारी विमान सोडण्याआधी घारींचं विचारायचं कबूल केलं.

घरी येताना भाऊजी शीळ घालत होते. आल्या आल्या पाना घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

सायंकाळ, साडेसहा. नळाला नवा वॉशर बसवला. गळती थांबली.