ओबेडकाकांची दाढी

ओबेड टटल यांचा चेहरा तुम्ही पाहिलाच असणार, मात्र नाव ऐकलं नसणार. मूकपटांच्या काळात एखादा न्यायाधीश फाशी सुनावत असेल, पाद्री थडग्यापाशी उभा असेल किंवा म्हातारा खाणवाला खेचराशी हुज्जत घालत असेल, तर दहातल्या तीन वेळा ते ओबेडकाकाच असायचे. नायकाला बायका पत्रं लिहायच्या. ओबेडकाकांना आयुष्यात दोनच पत्रं आली, आणि त्यातलं एक खेचराची चौकशी करणारं होतं.

मी थिर्झा लुंडीन, स्टुडिओतल्या केसांच्या खोलीची बाई. बारीक जाळीवर एकेक केस गाठ मारून दाढ्या, मिश्या, टोप बनवण्यात माझी तीस वर्षं गेली. या धंद्यात मी पहिल्याच वर्षी संपले असते. संपले नाही ते या माणसामुळे, आणि ते सांगायचं मी फार लांबवलं.

ओबेडकाका मूळचे नेब्रास्काचे, गाडीची चाकं बनवणारे. अल्मिराकाकूंची छाती कमजोर म्हणून कोरड्या हवेला कॅलिफोर्नियात आले. एक दिवस स्टुडिओच्या फाटकावरून जाताना आतून कोणीतरी ओरडलं, "अहो दाढीवाले, इकडे या!" जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते न्यायाधीश झाले होते. छातीवर रुळणारी, तांबडीलाल, दाट दाढी होती त्यांची. फाटकावरचा कारकून रोज सकाळी रांगेतल्या प्रत्येकाची दाढी ओढून बघायचा. घरची निघाली तर मजुरी जास्त, चिकटवलेली निघाली तर रांगेच्या शेवटी.

पण नुसत्या दाढीवर हा माणूस टिकला असं म्हणणाऱ्याला मी आजही झापते. न्यायाधीशाचं काम मिळालं की दोन दिवस ते खऱ्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायचे. "थिर्झा, पोरी," ते मला म्हणाले होते, "न्यायाधीश ऐकत नसतो गं. कंटाळलेला असतो. कागदावर बदकं काढत असतो." पुढच्या चित्रपटात नायिका साक्षीच्या पिंजऱ्यात रडत होती आणि ओबेडकाका बदक काढत होते. थिएटरात लोक बदकाकडेच बघत राहिले. नायिकेनं नंतर त्यांच्याशी बोलणं सोडलं.

एकोणीसशे एकोणीस साली आम्ही वाळवंटात तंबू ठोकून होतो. दिग्दर्शक मिस्टर क्विगली, नायक लोवेल थेन. थेनची हनुवटी गुळगुळीत आणि भूमिका डोंगरातल्या दरोडेखोराची, म्हणून त्याच्यासाठी जाळीवरची भरघोस दाढी होती. अर्धा चित्रपट त्या दाढीत झालेला. शनिवारी दुपारी काम लवकर आटोपलं आणि थेन गावाकडे निघून गेला. मी दाढीचा गोंद स्पिरिटनं पुसला आणि ती लाकडी ठोकळ्यावर टाचून ठेवली. हवेत वाळवायची, हा पहिला धडा. पण मला जेवायची घाई. ठोकळा नेऊन स्वयंपाकाच्या तंबूतल्या चुलीजवळ ठेवला. कॉफी ओतून घ्यायला वळले, तेवढ्यात भप्पकन आवाज आला. हनुवटीवरचा सगळा भाग जळून गेला होता.

तंबूत दुसरं फक्त एकच माणूस होतं. ओबेडकाका घेवड्याच्या उसळीत मक्याचा पाव बुडवून खात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ठोकळ्याकडे बघितलं, घास गिळला.

"सोमवारी सकाळी लागणार ना ही?"

मी नुसती मान हलवली. नोकरी लागून आठ महिने झालेले, घरी आई आणि दोन बहिणी माझ्या जिवावर. क्विगलीनं गेल्याच आठवड्यात एका सुताराला दार उलटं बसवलं म्हणून हाकललं होतं.

"केस कुठून आणू? लोकरीचे लावले तर जवळून लगेच कळतं हो काका."

"रंग?"

"रंगाचं काही नाही. लाल असले तरी फिल्मवर काळेच दिसतात. तीसुद्धा तांबूसच होती."

त्यांनी बशी बाजूला सारली, दाढी मुठीत धरली आणि म्हणाले, "कात्री आण. माझं या चित्रपटातलं काम काल संपलंय. उगाच वाढवत काय बसायचं?"

मी नको नको म्हटलं. खोटं कशाला बोलू, फार वेळ म्हटलं नाही.

शनिवारची संध्याकाळ आणि अख्खा रविवार मी माझ्या तंबूत गाठी मारत बसले. शेजारी ओबेडकाका केसांच्या बटा जुळवून हातात देत होते आणि नेब्रास्कातल्या एका आडमुठ्या बैलाची गोष्ट सांगत होते. ती रविवारभर पुरली. दाढीशिवाय त्यांचा चेहरा बघवत नव्हता. हनुवटी जवळजवळ नव्हतीच, सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखे दिसत होते बिचारे. सोमवारी थेननं दाढी लावून आरशात बघितलं.

"आज मऊ लागतेय."

"धुतलीय, साहेब," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही, क्विगलीला कळलं नाही. पण ओबेडकाकांनी दाढी का काढली हा प्रश्न छावणीत उठलाच. त्यावर ते सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले, "उवा झाल्या होत्या."

मग काय विचारता! आचाऱ्यानं त्यांचं ताट वेगळं केलं. परतीच्या गाडीत त्यांच्या बाकावर कोणी बसेना. "काका, वस्ती मोठी होती का हो?" असं एकानं विचारलं, तर म्हणाले, "नगरपालिका काढणार होत्या त्या." मी समोर बसून सगळं ऐकत होते आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. भेकड होते मी. दुसरा शब्द नाही.

दोन महिन्यांनी अल्मिराकाकूंनी मला रस्त्यात गाठलं. उवांची कथा त्यांनी क्षणभरही खरी मानली नव्हती. "माझ्या घरातून उवा घेऊन कोणी बाहेर पडत नाही," त्या म्हणाल्या. "मला त्यांनी खरं सांगितलं. तुला एक ठाऊक आहे का मुली? पुढच्या चित्रपटात त्यांना मोठा न्यायाधीश मिळाला होता. पडद्यावर नाव येणार होतं. दाढी नाही म्हणून दुसऱ्याला दिला."

मी तिथेच रडले. काकूंनी रुमाल दिला आणि म्हणाल्या, "रडू नकोस. त्यांना पस्तावा नाही, मग मी कशाला करू? पण तुला ठाऊक असायला हवं होतं."

ते वर्ष ओबेडकाकांनी पडेल त्या कामांवर काढलं. बायकोला घाबरणारे दुकानदार, पाकीट हरवलेले प्रवासी. "दाढीमागे लपता येत नाही ना, म्हणून तोंड वापरायला शिकलो," असं ते मला सांगायचे. ते खरं होतं की माझं मन राखणं, देव जाणे. दाढी पुन्हा वाढली, बोलपट आले, न्यायाधीश आणि पाद्री परत मिळू लागले. नाव मात्र आलं नाही.

थेनची ती दाढी आमच्या खोलीत फळीवर डब्यात राहिली. दर महिन्याला मी ती विंचरत असे. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

चौतीस साली क्विगलीनं एका बोलपटात नावाड्या आजोबांची भूमिका ओबेडकाकांना दिली. दीड पानाचं भाषण, आणि पडद्यावर नाव. अट एकच: खोटी दाढी चालणार नाही. आणि चित्रणाला महिनाभर असताना ओबेडकाकांना ताप आला. तीन आठवड्यांनी उठले तेव्हा डोक्यावरचे, दाढीचे केस पुंजक्यांनी गळून गेले होते.

तरी ते आले. वेळ पाळली नाही असं त्यांना म्हणवून घ्यायचं नव्हतं. त्यांना केसांच्या खोलीच्या दारात उभं बघून मी काही विचारलं नाही. खुर्चीत बसवलं, डबा उघडला. त्यांनी दाढी बघितली आणि ओळखली.

"अजून आहे होय ही?"

"हलू नका काका, गोंद लावतेय."

आता फिल्म बदलली होती. लाल रंग तिच्यावर फिकट उतरायचा, तेव्हा नावाड्याला हवी तशी पिकलेली दिसणार होती. थोडी पावडर टाकली की झालं. पण क्विगलीही फाटकावरच्या कारकुनाच्याच शाळेतला. सेटवर येताच त्यानं हात घालून दाढी ओढली. कानाजवळ जाळी सुटली.

"टटल, मी काय सांगितलं होतं? घरची दाढी हवी. कोणीतरी जा, दुसऱ्या दाढीवाल्याला बोलवा."

ओबेडकाका टोपी घ्यायला वळले. तेव्हा मी पुढे झाले. पंधरा वर्षं उशिरा का होईना.

"साहेब, हे केस त्यांचेच आहेत. वाळवंटात थेनसाहेबांची दाढी मी चुलीपाशी ठेवून जाळली. यांनी स्वतःची कापून दिली. उवा-बिवा काही नव्हत्या. मला काढायचं तर काढा, पण यांना घालवू नका."

क्विगली माझ्याकडे बघत राहिला, मग ओबेडकाकांकडे.

"म्हणजे त्या चित्रपटात थेनच्या तोंडावर..."

"मीच होतो," ओबेडकाका म्हणाले. "अर्ध्या चित्रपटात. चुंबनाच्या वेळीसुद्धा."

क्विगली आधी खोकला, मग खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "ती जाळी नीट चिकटवा," तो मला म्हणाला. "आणि तुमचं काय करायचं ते मी उद्या बघतो." तो उद्या कधी आला नाही.

भाषण एका दमात झालं. चित्रपट लागला तेव्हा मी टटल नवराबायकोच्या मधे बसले होते. नावांच्या यादीत अगदी खाली ओबेड टटल असं आलं आणि गेलं. अल्मिराकाकू मोठ्यानं म्हणाल्या, "थांबवा ना जरा!" मागच्यांनी त्यांना गप्प केलं.

आज ओबेडकाका नाहीत. मी खाल्लेल्या प्रत्येक घासात त्यांचा वाटा आहे, हे त्यांना मी एकदाच, त्या चित्रणाच्या संध्याकाळी सांगितलं. ते आरशासमोर बसून हळूहळू दाढी सोडवत होते. सोडवली, माझ्याच फणीनं विंचरली, ठोकळ्यावर ठेवली आणि ठोकळा माझ्या हातात दिला.

"ते सगळं राहू दे, पोरी," ते म्हणाले. "चुलीपासून लांब ठेव म्हणजे झालं."