दारात उभं राहायची मजुरी

परभणीत फर्निचरच्या दुकानात लागलो तेव्हा शेठनं पहिल्याच दिवशी रीत समजावली होती. "हजेरी माझ्याकडून, वरचं गिऱ्हाईकाकडून." हजेरी म्हणजे रोजची मजुरी आणि वरचं म्हणजे बक्षिसी. लोखंडी कपाट, पलंग, दिवाण, जे विकलं जाईल ते हातगाड्यावर घालायचं, दोरानं आवळायचं, गिऱ्हाईकाच्या घरी न्यायचं आणि ते म्हणतील त्या खोलीत लावून द्यायचं. घर तळाला असो की माडीवर, हजेरी तेवढीच. बक्षिसीशिवाय चूल पेटत नसे, आणि शेठला ते पक्कं ठाऊक होतं.

जोडीला एक चाचा होते. माझ्या बापापेक्षा थोडे लहान, अंगानं वाळलेले, पण कपाटाचा खालचा भार नेहमी स्वतःकडं घेणारे. उभं कसं राहायचं ते त्यांनीच मला शिकवलं. कपाट लावून झालं की लगेच निघायचं नाही. दोराची गुंडाळी सावकाश करायची. गमज्यानं तोंड पुसायचं. पाणी मागायचं. पाणी पिऊन झाल्यावर तांब्या परत देताना घरधन्याकडं एकदा बघायचं. "मुँह से मांगना नै," चाचा म्हणायचे. "आपण फकीर न्हाई. फकस्त उभं राहायचं."

मला त्या उभं राहण्याचा त्रास व्हायचा. त्याचं कारण घरातलं होतं.

आमचं गाव पिंगळीच्या पलीकडं. माझा आजा रोज सांजच्याला घोंगडी खांद्यावर टाकून दारोदार भाकर मागायचा. गावाचा सांगावा पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, या कामाची ती मजुरीच होती. पण ती मजुरी उंबऱ्याबाहेर उभं राहून, हाळी देऊन घ्यावी लागायची, आणि भाकर वरून पडायची. माझ्या बापानं ते बंद केलं. काम नाही आणि भाकरही नाही, असं गावाला तोंडावर सांगितलं. गावानं ते मनात धरून ठेवलं. पुढं विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव पेटलं तेव्हा आमच्या वस्तीतली घरंही जळाली. त्यानंतर बाप म्हणाला, "आता हितं न्हाई," आणि आम्ही परभणीला आलो.

एका उन्हाळ्यात वसमत रोडला माडीवरच्या घरी आरशाचं कपाट पोचवलं. जिना अरुंद, मधे वळण. कपाट वळेना. शेवटी ते पुन्हा खाली आणलं, गच्चीवरून दोर सोडला आणि बाहेरून वर ओढून घेतलं. चाचांच्या तळहाताची साल निघाली. कपाट भिंतीला लागलं, घरच्या बाईंनी त्याचं दार उघडून-मिटून बघितलं, आरशात स्वतःला बघितलं. आम्ही दारात जाऊन उभे राहिलो.

बाई थोड्या वेळानं बाहेर आल्या. "अजून उभेच का?" त्यांनी विचारलं. "दुकानदार पगार देत नाही का तुम्हाला?"

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. चाचा हसून म्हणाले, "देते हैं बाई. तुमची खुशी म्हून थांबलो."

बाई आत गेल्या आणि नाणी घेऊन आल्या. चाचांनी हात पुढं केला. बाईंचा हात वरच थांबला आणि तिथून त्यांनी नाणी सोडली. एक नाणं चाचांच्या बोटांवरून निसटून पायरीवर पडलं. ते उचलायला चाचा वाकले. मी जिना उतरून खाली गेलो आणि हातगाड्याची दांडी धरून उभा राहिलो.

परत येताना मी म्हणालो, "चाचा, मी ह्याच्यापुढं दारात उभा राहणार न्हाई."

"कामून?"

"बाईनं इचारलं ते खरंच हाय. मजुरी कोन द्यायची? काम दुकानाचं, माल दुकानाचा. मग आपण दुसऱ्याच्या उंबऱ्यावर कामून उभं राहायचं?"

चाचा गाडा ओढता ओढता म्हणाले, "तुझं डोकं गरम हाय. माझी पोरगी लग्नाची हाय. ठंडे दिमाग से सोच. वरचं सोडलं तर घरी काय नेणार?"

"वरचं सोडायचं न्हाई. शेठकडून ठरवून घ्यायचं. माडी असली तर माडीचे येगळे. कपाट इकतानाच गिऱ्हाईकाला सांगायचं."

"शेठ काढून टाकल."

"टाकू द्या."

सांजच्याला बापाला सगळं सांगितलं. पायरीवर पडलेल्या नाण्याचंही सांगितलं. तो ऐकत होता. मला वाटलं, शाबासकी देईल. त्यानं विचारलं, "चाचाला इचारलंस का? त्येच्या पोटावर पाय देऊ नको. आधी दोघं एक व्हा, मंग बोला." एवढंच. मला ते लागलं, पण पटलंही.

म्हणून मी घाई केली नाही. दोन-चार खेपा चाचांसोबत गप ओढल्या. चाचा दारात उभे राहायचे, मी गाड्यापाशी थांबायचो. एक दिवस एका घरी तासभर खपून त्यांना काहीच मिळालं नाही. घरधन्यानं दारच लावून घेतलं. चाचा खाली आले, गाड्यावर बसले आणि म्हणाले, "चल. बोल तू शेठ से. मैं बाजू में खड़ा रैता."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर आम्ही दोघं शेठपुढं गेलो. मी बोललो. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण पैशाचा विषय निघाला की बहिरा व्हायचा.

"हे बघा," तो म्हणाला, "बक्षीस ही गिऱ्हाईकाची खुशी. त्यात मी कशाला पडू?"

"बरोबर हाय," मी म्हणालो. "मग माडीवर चढवणं आमची खुशी. आमी तळाच्या दारापर्यंत पोचवतो. हजेरी तेवढ्याचीच हाय."

शेठनं चाचांकडं बघितलं. "तुम्ही पण?"

चाचांनी मान खाली घातली होती. ती वर न करताच ते म्हणाले, "हौ."

त्या दिवसापासून आम्ही माल तळाला उतरवून यायला लागलो. गिऱ्हाईकं दुकानात येऊन भांडायची. शेठ आमच्यावर ओरडायचा, पण लगीनसराई तोंडावर होती आणि गाड्याशिवाय त्याचं भागत नव्हतं. घरी ओढाताण चालली होती. बायकोनं शेजारणीकडून पीठ आणलं. चाचा रोज सकाळी यायचे तेव्हा वाटायचं, आज हे म्हणतील, बास झालं. ते म्हणाले नाहीत.

मग नानलपेठेतल्या एका लग्नघराचा माल निघाला. कपाट, पलंग, ड्रेसिंग टेबल, सगळं दुसऱ्या माडीवर. शेठ स्वतः मोंढ्यात गेला, कापसाच्या आडतीवरचे हमाल आणायला. मोंढ्यातल्या हमालांची संघटना होती, त्यांचे दर बांधलेले होते. ते दुकानात आले, कपाटाला हात लावायच्या आधी म्हणाले, "माडी किती? जिना कसा हाय? ते आधी सांगा, मग दर सांगतो." आणि त्यांनी जो दर सांगितला तो आम्ही मागितल्यापेक्षा जास्त होता.

शेठ गल्ल्यापाशी बसून राहिला. हमाल विडी ओढत थांबले. मग त्यानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मला हाक मारली.

"माडीचे देतो," तो म्हणाला. "गिऱ्हाईकाला विकतानाच सांगीन. पण उद्या कोणी तक्रार करायची नाही की पोरं बक्षिसी मागतात."

"कोनी मागनार न्हाई," मी म्हणालो. चाचांनी लगेच दोर उचलला.

लग्नघरातला जिना सरळ होता. माल चढला. पलंगाचे स्क्रू आवळले, कपाट लावलं, दोर गुंडाळला आणि आम्ही कुणाकडं न बघता निघालो. जिन्यात असतानाच घरातल्या काकूंनी हाक मारली. "अहो, कुठं निघालात? आत या."

आम्ही आत गेलो. त्यांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. घरातल्याच कपबशीतून चहा दिला, बशीत बुंदीचे लाडू ठेवले. निघताना दोघांपुढं एकेक नोट धरली, वरून न सोडता, हाताला हात लागेल अशी.

मी म्हणालो, "काकू, मजुरी मिळालीय आमाला."

"ती दुकानाची," त्या म्हणाल्या. "हे लेकीच्या लग्नाचं आहे. घ्यायचं नसतं का?"

चाचांनी घेतली. त्यांच्या लेकीला दुआ दिली. मी हात जोडले आणि घेतली नाही.

वाटेत चाचा माझ्यावर चिडले. आमच्या सगळ्या दिवसांत ते माझ्यावर चिडले ते तेव्हाच. "तू त्या बाई का दिल तोडा," ते म्हणाले. "आपण मागितलं न्हाई. उभे राहिलो न्हाई. तिनं बोलवून, बसवून दिलं. ह्यात आणि त्या नाण्यात फरक कळत न्हाई तुला?"

मी वाद घालत राहिलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मला वाटलं, चाचांचं खरं आहे. फरक होता, आणि तो मी बघितला नव्हता, कारण मला नाही म्हणायची घाई झाली होती.

पुढं आमचा कायदा ठरला तो असा. काम झालं की निघायचं. उंबऱ्यावर थांबायचं नाही. पाणी तहान असेल तरच मागायचं. कुणी बोलावून, सरळ हातात दिलं, तर नमस्कार करून घ्यायचं. कुणी दिलं नाही, तर तो विषय घरी न्यायचा नाही.

वरकमाई आधीपेक्षा कमी झाली, पण माडीचे पैसे येत असल्यामुळं भागायचं. पावसाळ्यात विक्री मंदावली तेव्हा शेठनं हळूच म्हणून बघितलं, "माडीचं आता सोडा, दिवस वाईट आहेत." आम्ही पुढचं कपाट पुन्हा तळालाच उतरवून आलो. मग त्यानं माडीचे पैसे दिले. दिवाळीच्या आधी त्यानं पुन्हा विचारलं. चाचांनीच नाही म्हणून सांगितलं, मान वर करून, मला बोलायची वेळच आली नाही. त्यानंतर शेठनं तो विषय काढला नाही.