पावाच्या भट्टीत वाळलेलं दप्तर

मॅट्रिक झाले तेव्हा माझं अक्षर बरं होतं, एवढ्या भांडवलावर मला आमच्या गावातल्या संग्रहालयात नोकरी लागली. पन्नासच्या दशकातली अखेरची वर्षं ती. संग्रहालय म्हणजे समुद्राकडे पाठ करून उभी असलेली कौलारू इमारत. पुढच्या खोलीत तोफेचे गोळे, नाणी आणि एक मोडकं सुकाणू. बघायला येणारे तिथूनच परत जात. मागच्या खोलीत दप्तर होतं. जुन्या कागदांचे गठ्ठे तांबड्या कापडात बांधून ठेवलेले असत. त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

दप्तर सांभाळत होत्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, लहानपणी वैधव्य आलेल्या आणि सासऱ्यांकडून मोडी शिकलेल्या. त्या वाचत आणि मी बाळबोधीत उतरवून घेई. एखादं अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधायला त्यांची सक्त मनाई होती. "जागा मोकळी सोड," म्हणायच्या. "आपल्याला कळलं नाही, हेही लिहिलेलं असू दे." दुपारी जेवल्यावर पेंगत असले तरी मला त्यांचं ते वाचणं आवडायचं. कुठल्या तरी गलबताला दोरखंड हवा असे, कुणाच्या माडांवरून वाद असे, आणि बाई ते काल घडल्यासारखं वाचत.

मी रुजू झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर वादळ झालं. पाऊस संपला म्हणून सगळे निर्धास्त होते. पहाटे वारा पडल्यावर मी धावत गेले, तर बाई माझ्याआधी पोचलेल्या. मागच्या खोलीची अर्धी कौलं उडाली होती. फडताळावरून पाणी ठिबकत होतं आणि रुमालांचा तांबडा रंग जमिनीवर पसरला होता. बाई पदर खोचून घोटाभर पाण्यात उभ्या होत्या.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "काजळाची शाई आहे, पाण्याने लगेच जायची नाही. पण आठवड्यात बुरशी धरेल. सुकवायचं कुठे, तेवढं सांग."

बाहेर आभाळ अजून भरलेलंच होतं. सबंध गावात कोरडी, उबदार जागा एकच होती, आणि ती आमच्या घरी होती. माझ्या वडिलांची बेकरी. अख्खा गाव त्यांचा पाव खात असे.

मी घरी पोचले तेव्हा वडील लाकडं भट्टीत घालायच्या तयारीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं नाही.

"कागद सुकवूक भट्टी? जळान जातले ते."

"आग नको, पपा. नुसती ऊब व्हयी."

"म्हणजे पाव बंद ठेवूचे लागतले." मग त्यांनी विचारलं, "कित्याचे कागद ते?"

"आपल्याच गावांचे. मच्छीमारांचे, शेतकऱ्यांचे. आपलेय आसतीत."

तेवढ्यात बाई मागोमाग आल्याच. त्या कधी कुणाच्या दारात काही मागायला गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी भट्टीच्या तोंडातून आत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "ताप आलेल्या माणसाच्या अंगाएवढी ऊब चालेल, बाब. याच्यापेक्षा जास्त नको," त्या म्हणाल्या. वडिलांनी लाकूड बाजूला टाकलं आणि पावाच्या फळ्या धुवायला घेतल्या.

भिजलेले रुमाल आणल्यावर आमच्या घरात दुसरं काही उरलं नाही. बाई चटईवर बसून बांबूच्या पातळ कामटीने चिकटलेली पानं सोडवत. एकेका पानाला किती वेळ जाई. अक्षरावर बोट टेकवायचं नाही, एवढी एकच ताकीद होती. मी पानं फडक्यावर पसरून फळ्या वडिलांकडे देई. ते आधी स्वतःचा गाल भट्टीच्या तोंडाशी नेऊन बघत आणि मगच फळी आत सरकवत. आई सगळ्यांना भाकरी आणि सुकटीची कढी वाढी. बाई मासे खात नसत. त्यांच्यासाठी ती वेगळ्या भांड्यात पेज करी. गिऱ्हाइकं पावासाठी येत, दारातून आत डोकावत आणि आवाज न करता परत जात. काहीजणी तर घरची जुनी मऊ लुगडी कागदांखाली घालायला देऊन गेल्या.

सगळं वाचवता आलं नाही. इंग्रजी अमदानीतला, निळ्या शाईने लिहिलेला एक गठ्ठा पार धुऊन गेला होता. बाईंनी ती कोरी पानंही वाळवली. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काय गेलं ते तरी कळायला हवं." बाकीची पानं वाचली, पण त्यांची सरमिसळ झाली होती. ती पुन्हा लावताना, अक्षराचं वळण आणि कागदाची फाट जुळवताना मी मोडी शिकले. त्या कामात कितीतरी वर्षं गेली. बाईंची दृष्टी मंदावत गेली तशी मी वाचू लागले आणि त्या ऐकू लागल्या. चुकले की नुसतं "हं?" म्हणत.

वादळाआधी दप्तराच्या खोलीत सहसा कुणी येत नसे. आता लोक येऊ लागले. आमच्या घरात तो उद्योग बघितलेल्यांनी गावोगाव सांगितलं असणार. कुणकेश्वरकडून एक गृहस्थ बिस्किटाच्या डब्यातून घरचे कागद घेऊन आले. शिरोड्याहून कुणी वेळूच्या नळीत जपलेली सनद आणली. बाई घाईने काही ठेवून घेत नसत. आणणाऱ्याला समोर बसवून त्याचा कागद आधी त्यालाच वाचून दाखवत आणि मग विचारत, "द्यायचा आहे ना?"

एकदा रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावरून ओढणारे एक म्हातारे नुसते ऐकायला आले. त्यांच्या वाडीचं काही आहे का, असं त्यांनी विचारलं. बाईंना तो रुमाल तोंडपाठ होता. मी वाचलं: शेजारच्या वाडीचे लोक आमच्या किनाऱ्यावर जाळी टाकतात, सरकारातून ताकीद व्हावी.

म्हातारे हसायलाच लागले. "हो तंटो अजून मिटाक नाय," म्हणाले. "कालच मी तेंच्याशी भांडलंय."

"कागदाखाली तुमच्या लोकांची नावं आहेत," बाई म्हणाल्या. "वाच गं."

मी नावं वाचली. त्यांतल्या एका नावाशी त्यांनी हात वर केला. ते त्यांच्या घराण्यात चालत आलेलं नाव होतं, त्यांच्या नातवालाही ठेवलेलं. त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं.

"परत एकदा वाचशीत, गो?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आणि मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.