दादाच्या हॉलमधला ड्रमसेट

बाबांचा जुना ड्रमसेट लातूरला दादाच्या नव्या फ्लॅटमध्ये शोभेला ठेवायचं ठरलं. शोभेला, म्हणजे वाजवणार कुणीच नाही. रंगवायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं.

नांदेडला आमच्या अंगणात मी पॉलिशपेपर घेऊन बसलो. वरचा मरून रंग घासला तर खाली निळा निघाला. त्याखाली पुन्हा मरून, पुन्हा निळा. बाबा बँडपार्टीत होते. जयंतीच्या मिरवणुकीसाठी ते सेट निळा करायचे आणि मिरवणूक झाली की लग्नाच्या सुपाऱ्यांसाठी त्यावर मरून मारायचे. निळा सेट लोकांना मांडवात चालत नसे.

मी दादाला स्पीकरवर फोन लावला. म्हटलं, "आता तरी निळाच ठेवू."

"येडा हायस का? ऑफिसचे लोक येतात घरी. क्रीम मार, सोफ्याला मॅच होईल."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोललो आणि फोन आपटला. बाजेवर बसलेल्या बाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ब्रश उचलून माझ्या हातात दिला.

"मार क्रीम," ते म्हणाले. "लोकाच्या दारात न्यायचा म्हणल्यावर रंग बदलावाच लागतोय. मला सवय हाय."