पाचशे बारा दिव्यांमागचा रफीक

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी कशेळीच्या पुलावर कंटेनरांच्या मधोमध अडकलो होतो. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, असं त्याच्या पुतण्याने सांगितलं. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर माती आहे म्हणाला. मी रिक्षा सोडून चालत सुटलो तरी पोहोचलो नाही. कब्रस्तानाच्या दाराशी गेलो तेव्हा माणसं परतत होती. तिथेच कुणीतरी मोबाइल माझ्यापुढे धरला. गावात टेक्निकल क्लास चालवणाऱ्या एका सरांनी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘आमच्या क्लासच्या एलईडी क्यूबला हातभार लावणारा एक साधा कामगार आज आपल्यातून गेला.’ हातभार! माझं रडू जागच्या जागी आटलं. आज सहा आठवड्यांनी हे लिहितोय ते रफीकच्या आठवणीपोटी, पण त्या एका शब्दाचा सूड उगवायचा आहे म्हणूनही. सरांचं नाव मी इथे देणार नाही. त्यांनी रफीकचं दिलं नव्हतं.

रफीक आमच्या कारखान्यात डॉबीचा जॉबर होता. डॉबी म्हणजे कापडात नक्षी उठवणारं लूमवरचं यंत्र, आणि ते लावणारा, बिघडलं तर दुरुस्त करणारा तो जॉबर. मी फोल्डिंग खात्यात, म्हणजे विणून आलेल्या कापडातले दोष शोधायचे, हा माझा धंदाच. नक्षीत एक ठिपका चुकला तरी मी कापडाचा ताका खांद्यावर टाकून त्याच्याशी भांडायला जायचो. तो शांतपणे बघायचा, “हाय खरी चूक,” म्हणायचा आणि चहा मागवायचा. असल्या माणसाशी भांडण टिकत नाही, दोस्तीच होते. पुढे कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले आणि रफीकला वडप्याच्या एका गोदामात ड्युटी मिळाली. दिवसभर खोके मोजायचे. ज्याच्या बोटांना नक्षी कळत होती त्याला खोके मोजायला बसवलं... मला त्याचाही राग आहे, पण तो कुणावर काढायचा ते ठाऊक नाही.

गोदामातच एकदा त्याने फोनवर असा एक एलईडी क्यूब, म्हणजे दिव्यांचा चौकोनी ठोकळा, पाहिला. आठ थर, दर थरात चौसष्ट दिवे, एकूण पाचशे बारा, आणि हाताच्या पंजाएवढा एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे छोटासा संगणकच, सगळ्यांना नाचवतोय. मला म्हणाला, “बाळाराम, ये देख. एका वेळी एकच थर पेटतो, पण एवढा झटपट की डोळ्याला पुरा क्यूब दिसतो. अरे, ही तर लूमच हाय. धागा एकेकच जातो ना आपला?” तेव्हा त्याचं वय पंचावन्न. प्रोग्रॅम कसा लिहायचा ते शिकायला तो त्या सरांच्या क्लासला गेला तेव्हा सरांनी भर वर्गात विचारलं, “चाचा, कुणाला सोडायला आलात?” वर्ग हसला. रफीकही हसला म्हणे. सरांनी त्याला दोन रविवार बसू दिलं, प्रोग्रॅम बोर्डात कसा भरायचा ते दाखवलं. ते दोन रविवार रफीक कधी विसरला नाही. मी असतो तर फक्त ते हसणं लक्षात ठेवलं असतं.

पुढचं सगळं त्याने आणि त्याच्या बायकोने, बानूभाभींनी, घरी बसून केलं. प्लायवूडला चौसष्ट भोकं पाडून त्यात दिवे पालथे बसवायचे, दर दिव्याचे चार पाय वाकवून एकमेकांना सोल्डर करायचे, मग थरावर थर. आधी भाभी प्रत्येक दिवा चपट्या बटण-सेलवर लावून बघायच्या, लाल, हिरवा, निळा, तिन्ही रंग लागले तरच पुढे द्यायच्या. जन्मभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरलेली बोटं, त्यांच्या हातून खराब दिवा सुटायचा नाही. तरी तिसरा थर दोनदा उतरवावा लागला. सहा महिने त्या घरात जेवायच्या पाटाला सोल्डरचा वास होता.

क्यूब झाल्याचं कळताच सर स्वतः घरी आले आणि ‘प्रदर्शनात मांडू’ म्हणून घेऊन गेले. आम्ही तिघं बघायला गेलो. रफीकने इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर पुठ्ठा होता, त्यावर क्लासचं नाव, दोन विद्यार्थ्यांची नावं, खाली मार्गदर्शक म्हणून सर. रफीकने तो पुठ्ठा दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. क्यूब लागला, रंगांच्या लाटा उठल्या, चेंडू उसळला, टाळ्या पडल्या. मग एकेक करून अक्षरं यायला लागली, आणि ती सगळी आरशात दिसावीत तशी उलटी! पाहुण्यांनी विचारलं, हे काय? सर लगेच म्हणाले, “ते आमच्या रफीक जॉबरचं काम. अडाणी माणूस, अक्षरं उलटी भरली.” सगळा हॉल हसला. यश क्लासचं आणि चूक रफीकची. त्या दिवशी त्या हॉलमध्ये त्याचं नाव निघालं ते एवढंच.

चूक होती, हे मी फोल्डिंगवाला म्हणून कबूल करतो. आमच्याकडे नक्षीचं कापड लूमवर पालथं विणायचे. डोळ्यांसमोर उलटी बाजू, सुलटी खाली. तीस वर्षांची ती सवय, त्याने क्यूबची अक्षरंही तशीच भरली. घरी बसायचाही तारांच्या बाजूला, म्हणजे क्यूबच्या मागे, तिथून सगळं सुलट दिसायचं. हॉलमध्ये गर्दीमुळे आम्ही तिघं टेबलाच्या मागे उभे होतो, म्हणून मला वाचता आलं. ते सरांचं नाव होतं. पूर्ण नाव, आणि त्याच्यापुढे ‘शुक्रिया’. रस्त्यात मी रफीकवर ओरडलो, “सांग ना जाऊन त्यांना! तोंड बघायचंय मला त्यांचं.” तो म्हणाला, “जाने दे. वाचायचं असेल तर येतील कधीतरी मागं.” चूक दुरुस्त करायला त्याला एक मिनिट लागलं नसतं. त्याने केली नाही, आणि मी मात्र त्या तोंडाची वाट बघत राहिलो.

ती वेळ रफीकच्या चाळिसाव्या दिवशी आली. प्रदर्शनानंतर क्यूब घरी परत आला होता. घरी फातिहाची प्रार्थना झाली, माणसं पांगली, दुपारी सर आले. बिस्किटं खाल्ली आणि म्हणाले, क्यूब क्लासच्या काचेच्या कपाटात ठेवू, रफीकभाईंची आठवण राहील. मी पडदा ओढला, क्यूब लावला आणि त्यांचा दंड धरून त्यांना तारांच्या बाजूला उभं केलं. “आता वाचा.” सरांनी वाचलं. मला वाटलं होतं, हा माणूस आता जमिनीत जाईल... त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “बघा, माझंच नाव आहे! मग तर हा आमच्याकडेच असायला हवा.” त्यांना मारायला जपून ठेवलेला दगड मीच त्यांच्या हातात दिला होता.

भाभी उठल्या. रफीकचा लॅपटॉप उघडला. त्याने सगळी अक्षरं चौकटीच्या वहीत ठिपक्यांनी मांडली होती. भाभी ठिपके वाचून दाखवायच्या, तो टाइप करायचा. त्यामुळे कुठलं अक्षर कुठे आहे आणि क्रम कसा बदलायचा, हे त्यांना पाठ होतं. सरांचा चहा निवेपर्यंत त्या टाइप करत बसल्या. क्यूब विझला, पुन्हा लागला. आपलं नाव आता समोरून सुलट दिसेल असं वाटून सर घाईने पुढच्या बाजूला निघाले होते.

“तिथंच थांबा, सर. आता काय लिहिलंय?”

सरांनी मान वळवून क्यूबकडे पाहिलं. मग पुटपुटले, “र... फी... क.”

“मोठ्यानं वाचा,” भाभी म्हणाल्या. “तीस वर्षं लूमवर काढली त्यांनी. हळू बोललेलं त्यांना ऐकू नाही यायचं.”

सरांनी मोठ्यानं वाचलं.

“अजून एकदा.”