आगाऊ भरलेला दंड

दोनशेच्या चार नोटा माझ्या टेबलावर ठेवत पाटील साहेब हसले. "वाघमारे मॅडम, या महिन्याचा दंड अ‍ॅडव्हान्समध्ये घ्या. सारखी पावती फाडायचा तुमचाही त्रास वाचेल."

पाटील साहेब आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. मी सेफ्टी ऑफिसर. लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीनचं तेल काढायचा आमचा कारखाना. तेल काढायला हेक्झेन नावाचं सॉल्व्हंट लागतं. पेट्रोलसारखंच समजा. त्याची वाफ हवेत पसरली की एक ठिणगी पुरे. मोबाइलमुळेही ठिणगी पडू शकते, म्हणून प्लांटमध्ये मोबाइलला बंदी. सापडला की दोनशे रुपये दंड, मग तो कोणीही असो. नियम मीच लिहिला होता. सगळ्यांना सारखा, याचा मला अभिमानही होता.

त्याच आठवड्यात बालाजी सापडला. पंपावर काम करणारा, चाकूरहून रोज येणारा पोरगेलासा माणूस. फोन बुटात लपवलेला.

"मॅडम, बायकोचे दिवस भरलेत. घरी म्हातारी एकटीच हाय. काही झालं तर मला कोण सांगणार?"

"नियम आहे, बालाजी."

"हाव. कापा मग."

त्याची हजेरी साडेचारशेची. म्हणजे जवळजवळ अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन घरीच ठेवला. त्या दुपारी त्याला मुलगी झाली, आणि ते त्याला कळलं संध्याकाळी घराच्या दारात. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप होत्या. पण पेढा द्यायला आला तेव्हा त्यानं माझ्याकडे नीट बघितलं नाही. मलाही तो पेढा गोड लागला नाही.

पंधरा दिवसांनी भर दुपारी गॅस डिटेक्टर वाजला. हवेत वाफ वाढली की ओरडणारं हे यंत्र. पंपाचं सील जाऊन हेक्झेन गळत होतं. बालाजीनं व्हॉल्व्ह बंद केला. मी सगळ्यांना बाहेर काढत होते. तेवढ्यात पंपापासून दहा पावलांवर फोन वाजला. पाटील साहेबांच्या खिशात.

सगळे जागच्या जागी थिजले. पाटील साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. रिंग वाजून वाजून थांबली. काही झालं नाही. झालं असतं तर हे सांगायला आज मी नसते.

बाहेर गेटजवळ मी एकेकाचं नाव घेऊन माणसं मोजली. सगळे होते. बालाजी शांतपणे म्हणाला, "मॅडम, साहेबाला बी दोनशेच का?"

साहेबांचे तर आधीच भरलेले होते.

मी तशीच मालकांकडे गेले. आम्ही त्यांना शेठजी म्हणतो.

"दंड वाढवा," शेठजी म्हणाले. "पाटलांना दोन हजार लावा."

"त्यांना तेही परवडतील."

"मग पगाराच्या हिशेबानं लावा. ज्याचा त्याचा एक दिवसाचा पगार."

"हे त्यातल्या त्यात बरं. पण एक दिवसाचा पगार गेला की बालाजीच्या घरची भाजी थांबते. साहेबांच्या घरी काहीच थांबत नाही."

"मग करायचं काय?"

"पैसे नकोतच. ज्याच्याकडे फोन सापडेल त्यानं सात दिवस, शिफ्टच्या अर्धा तास आधी येऊन गेटवर उभं राहायचं. सगळ्यांचे फोन जमा करून टोकन द्यायचं. पगार पूर्ण."

"पाटील उभे राहतील?"

"शेठजी, आज तो फोन कुणाचा होता?"

पाटलांना तो फोन शेठजींनीच केला होता. ते म्हणाले, "पहिला दिवस माझा. सहा पाटलांचे."

आणि शेठजी खरंच उभे राहिले. त्या दिवशी लोकांनी लपवून आणलेले फोनही काढून दिले, इतके की टोकन कमी पडले. पाटील साहेब पहिले दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून फोन घेता घेता त्यांच्या कानावर एकेक गोष्ट पडू लागली. कुणाचा बाप दवाखान्यात, कुणाचं लेकरू तापानं फणफणलेलं. पाचव्या दिवशी ते स्वतः माझ्याकडे आले.

"मॅडम, गेटवर एक लँडलाइन घेऊ. नंबर प्रत्येकाच्या घरी द्यायचा. निरोप आला की पाच मिनिटांत माणसापर्यंत गेला पाहिजे. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही?"

"तुम्ही आधी गेटवर उभे नव्हता," मी म्हणाले. मीही नव्हते, हे मनातच ठेवलं.

बालाजीचे दोनशे पुढच्या पगारात परत दिले. साहेबांचे आठशेही परत केले. ते घेताना ते चांगलेच ओशाळले. लँडलाइन आजही आहे आणि दिवसातून दोनतीनदा वाजते. त्यानंतर प्लांटमध्ये दोनच फोन सापडले, आणि त्यातला एक तपासणीला आलेल्या पाहुण्यांचा होता.

आता नवीन सेफ्टी ऑफिसर शिकायला येतात तेव्हा मी सांगते, दंडाचा नियम लिहिताना कारखान्यातला सगळ्यात कमी पगाराचा आणि सगळ्यात जास्त पगाराचा माणूस समोर बसवा. दोघांनाही तो सारखाच नकोसा वाटला, तरच सही करा.