सगळ्यात बारीक पुस्तक

आमच्या शेजारच्या इंद्रायणीला कॉलनीत सगळे तापट म्हणतात. मी भिंतीला भिंत लागून राहते, मी म्हणेन की ती दमलेली आहे. सकाळी स्वयंपाक, मग जुळे सोलापूरच्या आमच्या कॉलनीतून बसनं कॉलेजच्या ऑफिसात, दिवसभर खिडकीवर मुलांची गर्दी, येताना भाजी. त्यात नळाला पाणी यायचा दिवस असला तर बघायलाच नको. नवरा अवधूत पुण्याला नोकरीला. शनिवारी येतो आणि रविवारभर झोपतो.

घरात सासरे, वेणीमाधवअण्णा. पोस्टातून रिटायर झालेले. काचबिंदूनं गेल्या वर्षी त्यांची नजर पार गेली. तरी कधी कुरकुर नाही. फक्त दिवाळीनंतर एकदा म्हणाले, "इंद्रायणी, संध्याकाळी जरा निंबकर वाचून दाखवशील का?"

निंबकर म्हणजे गुप्तहेर निंबकर. त्याच्या रहस्यकथा अण्णांनी उभ्या नोकरीत एकेक करून जमवल्या होत्या, कपाटाचे दोन कप्पे भरून. ते कप्पे इंद्रायणीच्या डोळ्यांसमोर आले. नाही म्हणवेना आणि हो म्हणायचं त्राण नव्हतं.

"कुठून सुरू करू?"

"पहिल्यापासून की. नाहीतर निंबकर कोण, कुठला, तुला कसं कळणार?"

पहिलं पुस्तक उशीएवढं जाड. ते हातात घेऊनच तिचा धीर सुटला. ते ठेवून तिनं कपाटातलं सगळ्यात बारीक पुस्तक ओढलं. कव्हरवर 'निंबकर मालिकेतील अखेरची कादंबरी' असं छापलं होतं. बरंच झालं, तिला वाटलं, शेवटचंच वाचून झालं की पुढचं कोण मागणार? आणि इतक्या वर्षांनी अण्णांना काय आठवतंय!

"हे पहिलंच आहे," ती म्हणाली.

पानं वरच्या कडेला एकमेकांना जुळलेली होती, छापल्यावर कापायची राहिलेली. छापखान्याच्या नावानं बोटं मोडत तिनं भाजीची सुरी आणली. चार पानं कापायची, वाचायची, असं सुरू झालं. पहिल्याच ओळीत म्हातारा निंबकर काठी टेकत जिना चढत होता. अण्णांनी मान जराशी वर केली. मग म्हणाले, "वाच."

रोज कुकर लावायच्या आधी ती वाचायची, बातम्या दिल्यासारखं, भराभर. मधल्या ओळी गाळायची. अण्णा मुकाट ऐकायचे.

शेवटचं प्रकरण तेवढं उरलं. अण्णा आता दुसरं मागतील, तर आधीच एखादं बारीक हेरून ठेवावं म्हणून तिनं कपाट उघडलं. एक काढलं, दुसरं काढलं. सगळ्यांच्या पानांच्या कडा खरबरीत, सुरीनं कापलेल्या. तिनं दोन्ही कप्पे बघितले. जुळलेलं पान एकाही पुस्तकात नव्हतं. म्हणजे अण्णा वाचताना पानं कापायचे, आणि हे एकच त्यांनी कापलं नव्हतं.

"अण्णा, हे तुम्ही वाचलेलं नव्हतं?"

"नव्हतं."

"का?"

"ते वाचलं की संपलंच की सगळं. म्हणून राखून ठेवलं होतं."

"मग पहिल्याच दिवशी बोलायला काय झालं होतं?" तिचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

"तू दमून आली होतीस," अण्णा म्हणाले. "पहिलं लई जाड आहे."

इंद्रायणीला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. त्यांचा आला, स्वतःचा आला, पुण्यातल्या नवऱ्याचाही आला. हे सगळं तिनंच मला दुसऱ्या दिवशी पाणी भरता भरता सांगितलं, बादली आपटत.

"खून कुणी केला, ऐकायचंय आता?" तिनं विचारलं.

अण्णा म्हणाले, "तुला संपवायचं असेल तर वाच."

तिनं सुरी ओट्यावर नेऊन ठेवली. शेवटची पानं तशीच जुळलेली ठेवून ते बारीक पुस्तक कपाटात सारलं आणि जाडजूड पहिलं पुस्तक मांडीवर घेऊन बसली.

"आज राहू दे," आवाजावरून ओळखून अण्णा म्हणाले. "दमलीयेस."

"रोजच दमलेली असते. ऐका."

दुसऱ्या पानावर तिला मोठी जांभई आली. अण्णांनी लगेच आपलीही एक जांभई दिली. "मला झोप येतेय गं. बंद कर."

"खोटं बोलू नका," ती म्हणाली आणि पान उलटलं.